नाबाद सहा

आमच्या गावातला आजवरचा सर्वांत भारी फलंदाज कोण, असं विचारलंत तर धावांच्या वहीनुसार उत्तर एकच येतं : ठाण्याचा भाचा. हा भाचा नेमका कोणाचा, याला महत्त्व नाही. सुट्टीत आलेला भाचा सगळ्या गावाचाच असतो. मे महिन्यात तो मामाकडे आंबे खायला आला होता. त्या रविवारी आमचा अकरावा गडी ऐन वेळी कोणाच्या तरी हळदीला गेला, म्हणून भाच्याला उभा केला. शेवटचा चेंडू, पाच धावा हव्यात आणि समोर हे साहेब पायात चप्पल घालून. चेंडू आला, यानं डोळे मिटून बॅट फिरवली, चेंडू मामाच्याच गोठ्याच्या पत्र्यावर आदळला, आत म्हैस रेकली आणि आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी भाचा आंब्याची पेटी घेऊन लोकलनं ठाण्याला परत गेला.

वहीत नोंद झाली : डाव एक, चेंडू एक, धावा नाबाद सहा. स्ट्राईक रेट 600. सरासरी काढायला बसलो तर सहाला शून्यानं भागायची वेळ आली. गडी बाद झालाच नाही, तर भागणार कशानं? उभ्या कारकुनीत मला असा भागाकार भेटला नव्हता. मी त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि वही मिटली. त्या रेघेनं पुढे गावात काय गोंधळ घातला, त्याची ही हकिगत.

आमचं गाव कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत. भाताची कापणी-झोडणी उरकली की शेतं मोकळी होतात आणि मग पावसाच्या तोंडापर्यंत शेताचं मैदान. बांध म्हणजे सीमारेषा. बांधाच्या पलीकडे वालाचं पीक असेल तर तिकडे मारलेला षटकार दोनदा मोजला जातो : एकदा आम्ही मोजतो, एकदा वालाचा मालक. दर रविवारी कोणता तरी चषक असतो. खालापूर तालुक्यातून, चौक-खोपोली-वावोशीकडून, संघ टेम्पोत बसून येतात. टेनिसचा चेंडू, आठ षटकं, एक समालोचक आणि त्याच्या हातात माईक. तो माईक हातातून काढून घ्यायला एखादी उपसमिती नेमावी लागेल.

गेल्या वर्षी आमच्या मंडळानं ठरवलं की नुसता चषक पुरे झाला, आता लीग. लीग म्हटली की लिलाव आला, लिलाव म्हटला की संघमालक आले. एक वीटभट्टीवाला, एक जमिनीची कामं करणारा, एक केटरिंगवाला. प्रत्येकाला दहा हजार पॉइंट. पैसे नाहीत, नुसते पॉइंट. पण ते उडवताना त्यांचे चेहरे पाहिले असते तर वाटलं असतं की घाटाखालची सगळी जमीन विकायला काढली आहे. आता बोली लावायची तर खेळाडूला भाव हवा, आणि भाव ठरवायला गुण हवेत. मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी निवृत्त कारकून, दोन मोसमांची वही माझ्याच हातची. “काका, सगळ्या पोरांना शंभरपैकी मार्क देऊन टाका,” ते बोलले. जसा काही मी परीक्षेचे पेपर तपासायला घरी आणले होते.

माझ्या पुतण्यानं ती वही मोबाईलमध्ये भरली आणि एका बोटानं यादी वरून खाली लावली. पहिला नंबर ठाण्याचा भाचा. दुसरा नंबर एका पाहुण्याचा. त्यानं दोन डावांत मिळून सात चेंडू खेळले होते. तिसरा आमच्याच गावचा, पण तो लग्नानंतर मैदानावर दिसलेला नाही. आणि आमचा ट्रॅक्टरवाला? दोन मोसमांत 41 डाव, 38 वेळा बाद, 646 धावा, सरासरी 17. उन्हात, पावसाच्या सरीत, ताप असताना, मेव्हण्याच्या साखरपुड्याच्या दिवशीही येऊन खेळलेला माणूस. तो यादीत एकोणिसावा. त्याच्या वरचे बहुतेक जण असे, ज्यांची नावं मला समालोचकाला विचारावी लागली.

त्याच रात्री माझ्या चुलतभावाचा फोन आला. तो न्यू जर्सीला एडिसनमध्ये असतो. त्याच्या मुलाला मी हा घोळ सांगितला तर तो पोटभर हसला. “काका, आमच्याकडे बेसबॉलवाले हेच भांडण साठ वर्षं भांडतायत,” म्हणाला. मग त्यानं मला एक खेळ समजावून सांगितला. 1961 साली हॅल रिचमन नावाच्या माणसानं ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाचा बेसबॉलचा घरगुती खेळ बाजारात आणला. प्रत्येक खऱ्या खेळाडूचा एक पत्ता. मागच्या मोसमात तो प्रत्यक्षात जसा खेळला, तसे आकडे त्या पत्त्यावर. तीन फासे टाकायचे. एका फाशावर 1, 2, 3 पडले तर फटका मारणाऱ्याचा पत्ता बघायचा. 4, 5, 6 पडले तर चेंडू टाकणाऱ्याचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या पत्त्यावर शोधायची, तिथे लिहिलेलं असतं की चेंडू कुठे गेला.

आता गोम अशी, की मोसमभरात दहाच वेळा फळीवर आलेला आणि त्यात पाचदा सणसणीत फटका मारलेला एखादा राखीव गडी असतो. त्याचा पत्ता निघतो तो भीमाचा. अशा पत्त्याला रोज खेळवलं की टेबलावर तो कुणाचं ऐकत नाही. जॉन पॅसियोरेक नावाचा गडी 1963 साली ह्यूस्टनकडून एकच सामना खेळला, तीनदा फटका मारायला गेला, तिन्ही वेळा यशस्वी झाला, आणि नंतर मोठ्या स्पर्धेत कधीच दिसला नाही. शंभरात शंभर घेऊन माणूस घरी गेला. म्हणून या खेळाच्या मित्रमंडळींच्या लीगनी नियम केला : खऱ्या मोसमात जितक्या वेळा तो फळीवर आला असेल, साधारण तितक्याच वेळा त्याला टेबलावर आणायचं. भाच्याचा पत्ता असता तर सबंध लीगमध्ये त्याच्या वाट्याला एकच चेंडू.

“म्हणजे अमेरिकेतही मामाकडे आलेली पोरं आहेत,” मी म्हटलं आणि जरा बरं वाटलं.

मग रात्री झोप येईना, म्हणून क्रिकेटमधले भाचे आठवत बसलो. पहिला वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम. 1948 साली पोर्ट ऑफ स्पेनला इंग्लंडविरुद्ध एकच कसोटी, एकच डाव, 112 धावा. पुन्हा कधी संघात घेतला नाही. सरासरी 112. ब्रॅडमनची 99.94. म्हणजे वहीनुसार गँटोम ब्रॅडमनहून सरस. ब्रॅडमनला त्यासाठी 80 डाव झिजावं लागलं, हा त्याचाच दोष. दुसरा ऑस्ट्रेलियाचा बिल जॉन्स्टन. हा चेंडू टाकणारा, फलंदाजीत शेवटचा. 1953 च्या इंग्लंड दौऱ्यात 17 डावांत 102 धावा आणि बाद एकदाच. सरासरी 102! दुसऱ्या टोकाचा गडी बाद होत राहिला की अकरावा गडी आपोआप महान होतो. एकत्र कुटुंबात धाकटी सून चांगली ठरते, तसंच.

आपल्याकडचे भाऊसाहेब निंबाळकर आठवले. डिसेंबर 1948, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब नाबाद 443. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमाला फक्त 9 धावा कमी, आणि उपाहाराच्या वेळी काठियावाडनं सामनाच सोडून दिला. हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. आमच्याकडे वावोशीकडचा एक संघ असाच मधेच टेम्पोत बसून निघून गेला होता. कारण विचारलं तर टेम्पोला पाच वाजता दुधाची फेरी होती. फरक इतकाच, की आमचा फलंदाज तेव्हा 23 वर होता. भाऊसाहेबांना मात्र अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. चारशे त्रेचाळीस एका डावात, आणि कसोटीच्या वहीत पानच नाही.

उलट बाजूनं बघा. सचिन तेंडुलकर भारताकडून ट्वेंटी-ट्वेंटी एकच खेळला, 1 डिसेंबर 2006, जोहान्सबर्ग. धावा 10, चेंडू 12. बळी एक, 12 धावा देऊन. माझ्या पुतण्याच्या मोबाईलनं या एका सामन्यावर भाव काढला असता तर लिहिलं असतं : कामचलाऊ गोलंदाज, थोडी फलंदाजी जमते. क गट. बेस प्राईस पन्नास पॉइंट.

आणि अमोल मुजुमदार. 1994 साली फरिदाबादला हरियाणाविरुद्ध मुंबईकडून रणजीत पहिलाच डाव, 260 धावा, तेव्हाचा पदार्पणातला विश्वविक्रम. त्या एका डावावर पत्ता छापला असता तर पत्त्याला आग लागली असती. पुढे 171 सामने खेळून त्यांची सरासरी स्थिरावली 48.13 वर. उत्तम, दणकट, पण माणसाची. एवढं करून भारताचा एकही सामना नशिबी आला नाही. ते प्रशिक्षक झाले आणि 2 नोव्हेंबर 2025 ला, आमच्यापासून लोकलच्या अंतरावर, नेरूळच्या मैदानात भारताच्या मुलींनी त्यांच्या हाताखाली विश्वचषक उचलला. हे कुठल्या फाशावर लिहिलं होतं, सांगा.

क्रिकेटची मोठी मंडळी या बाबतीत शहाणी आहेत. कसोटी क्रमवारीत नवा फलंदाज शून्यापासून सुरू होतो. दहा डाव झाले तरी त्याच्या खऱ्या गुणांच्या सत्तर टक्केच हातात पडतात. पुरे शंभर टक्के मिळायला चाळीस डाव लागतात. थोडक्यात, नव्या सुनेला पहिल्याच दिवशी कपाटाची किल्ली नाही. शाळेत आम्ही जे पुस्तक-क्रिकेट खेळायचो त्यात मात्र हा प्रश्नच नव्हता. पान उघडायचं, पानाचा शेवटचा आकडा तेवढ्या धावा, शून्य आलं की बाद. तिथे गावसकर आणि चंद्रशेखर एकाच भावात. भूगोलाचं पुस्तक कोणाची मागची कामगिरी बघत नसे. म्हणून तो खेळ न्यायाचा होता, आणि म्हणूनच त्यात मजा कमी होती.

पहाटे मला तोडगा सुचला. प्रत्येकाच्या खात्यात आधीच दहा डाव भरून टाकायचे, गावच्या सरासरीचे. गावची सरासरी निघाली 12. म्हणजे प्रत्येकाला आगाऊ दहा वेळा बाद आणि 120 धावा. त्यावर त्याची स्वतःची कमाई. ताकात पाणी घालतात तसं. ज्याचं ताक घट्ट, त्याला दहा वाट्या पाण्यानं फारसा फरक पडत नाही. ज्याचं ताक चमचाभर, त्याचं पाणीच होतं.

भाचा : सहा अधिक 120, म्हणजे 126 भागिले दहा, 12.60. आला जमिनीवर. ट्रॅक्टरवाला : 646 अधिक 120, म्हणजे 766 भागिले 48, 15.96. आला वर. आणि आमच्या डेअरीवरचा तो बिचारा पोरगा, तीन डावांत तीनदा शून्यावर गेलेला, त्याला मिळाले 9.23. त्याला सांगितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “काका, मी नऊ काढू शकतो?” म्हणाला. मी म्हटलं, गणित तरी असं म्हणतं.

हा कागद घेऊन मी देवळाच्या सभामंडपात गेलो. समितीनं तो फिरवून फिरवून पाहिला. केटरिंगवाला बोलला, “काका, म्हणजे ज्यानं बॅटच धरली नाही त्याला किती?” मी म्हटलं, 120 भागिले दहा, बारा. सभामंडपात शांतता पसरली. मग अध्यक्ष सावकाश खुर्चीवर सरकून बसले. “म्हणजे मला बारा?” वय बासष्ट, गुडघ्याला पट्टा. मी मान हलवली. “आणि त्या डेअरीवाल्या पोराला नऊ? तो खेळतो, मी खेळत नाय, तरी मी वर?”

“हिशेब तसा सांगतो,” मी म्हटलं.

“मग बरोबर आहे,” अध्यक्ष बोलले. “समितीत पण असंच असतं.” आणि त्यांनी आपलं नाव यादीत घालायला सांगितलं.

कोपऱ्यात आमचे एक म्हातारे शेतकरी बसले होते. क्रिकेटशी त्यांचा संबंध एवढाच, की सामने त्यांच्याच शेतात होतात. ते बोलले, “अरे, कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे का नाय? तिथं कर्जत-3, कर्जत-7 अशा जाती निघाल्या. एक लोंबी जाड आली म्हणून कोणी नाव ठेवलं का तिला? वर्षानुवर्षं लावतात. या जमिनीत, त्या जमिनीत. या पावसात, त्या पावसात. मग नाव. मी सांगतो, पहिल्या वर्षी पीक बघायचं, दुसऱ्या वर्षी जमीन बघायची, तिसऱ्या वर्षी तोंड उघडायचं.” मग माझ्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, “ह्या भाच्याची एकच लोंबी हाय. ती पण म्हशीनं पाहिली.”

माझ्या सबंध रात्रीच्या गणितापेक्षा हे वाक्य सरस होतं, हे मला मान्य करावं लागतं. पण लिलाव वाक्यांवर चालत नाही. माईक हातात आला आणि समालोचकानं पुकारा केला : “स्ट्राईक रेट सहाशे! सहाशे, मंडळी! आजवर नाबाद!” वीटभट्टीवाल्यानं हात वर केला. जमिनीवाल्यानं त्याहून वर केला. भाचा 3,100 पॉइंटला गेला, म्हणजे मालकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ट्रॅक्टरवाला 400 ला गेला, तोही चहाच्या सुट्टीनंतर, कारण नाव पुकारलं तेव्हा तो बाहेर मालकांच्या गाड्या लावून देत होता.

लीग सुरू झाली. भाचा आलाच नाही. त्याची परीक्षा होती. पुढच्या आठवड्यात क्लास होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात मामानं फोन उचलला नाही. वीटभट्टीवाल्यानं संघाच्या बॅनरवर त्याचा फोटो मधोमध छापला होता. तो बॅनर उपांत्य फेरीपर्यंत टिकला, संघ टिकला नाही. ट्रॅक्टरवाला नऊ डाव खेळला, तीनदा सामनावीर झाला आणि तीन भिंतीवरची घड्याळं घरी घेऊन गेला. त्याच्या घरात आता एकूण सात घड्याळं आहेत आणि तरी तो कधीच उशिरा येत नाही. भाच्याचा स्ट्राईक रेट आजही 600 आहे. तो परत येईपर्यंत तसाच राहणार, आणि मला वाटतं हे त्याला कळलेलं आहे.

तेव्हापासून मला सगळीकडे भाचेच दिसतात. आमच्या आसपास फार्महाऊस उगवली आहेत. एका फार्महाऊसला मोबाईलवर पाचपैकी पाच तारे आहेत, अभिप्राय एक. अभिप्राय लिहिणारा मालकाचा मेव्हणा, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. शेजारच्या खानावळीला दोनशे लोकांनी मिळून सव्वाचार तारे दिलेत. पण मुंबईची गाडी पाच ताऱ्यांकडेच वळते. त्याच गाडीतले पाहुणे जुलैत दोन रात्री राहतात, धबधब्यात भिजतात आणि सांगतात की तुमचं गाव स्वर्ग आहे. मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभे राहून त्यांनी दुसरा डाव खेळावा, मग सरासरी बघू. लग्नाचंही तेच. कांदेपोह्यांची बशी रिकामी व्हायला लागतात वीस मिनिटं, आणि तेवढ्यात दोन्हीकडचे आजन्म निकाल जाहीर करतात. माझे निकाल सौभाग्यवतींनी तेव्हाच राखून ठेवले होते. अजून जाहीर केलेले नाहीत. नमुना अपुरा आहे म्हणतात.

पण एक गोष्ट मला कर्जत स्टेशनावर उमगली, तीही सांगितली पाहिजे. थोडा वेळ खेळणारा प्रत्येक जण भाचा नसतो. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, आपण वडा घेतो, आणि तेवढ्यात मागे बँकर इंजिनं लागतात. पुढे बोरघाट, 37 फुटांना एक फूट चढ. ही इंजिनं मागून गाडी रेटतात, लोणावळ्याला सुटतात आणि खाली परततात. मुंबई-पुण्याच्या प्रवासात त्यांचा डाव छोटा, वेग कमी, नाव कुठल्याच पाटीवर नाही. किलोमीटरनं मोजाल तर राखीव गडी. पण ती रोज येतात, त्याच चढाला, वर्षानुवर्षं. त्यांचा डाव छोटा असला तरी डाव मोजायला गेलात तर वही पुरणार नाही. भाच्यात आणि बँकरमध्ये फरक तो एवढाच, आणि नुसती सरासरी वाचून तो कळत नाही.

म्हणून या वर्षीच्या लीगसाठी मी कागदात एकच सुधारणा केली. दहा डावांचं पाणी काढून टाकलं. अध्यक्ष नाराज झाले, पण त्यांचा गुडघा सुखावला. आता प्रत्येकाच्या सरासरीशेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात, डावांची संख्या लिहिली आहे. ट्रॅक्टरवाला : सरासरी 17, डाव 50. भाचा : सरासरी आडवी रेघ, डाव 1. वाचकहो, तुमच्याकडेही एवढीच विनंती. कोणाला चांगलं म्हणा, वाईट म्हणा, तारे द्या, मार्क द्या. फक्त शेजारी लिहा, किती डाव पाहून बोलताय ते.